सोवळे हा रोग नव्हे आणि ओसीडी हे सोवळे नव्हे

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो आणि त्यानंतर चारच दिवसांनी १४ ऑक्टोबर येतो. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला जोडून मानसिक आरोग्यावर एखादे व्याख्यान ठेवण्याची प्रथा आपल्या काही मंडळांनी सुरू केली आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र अशा कार्यक्रमांत दोन वाक्ये आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत. पहिले वाक्य व्यासपीठावरचे. जातीयवादी माणूस हा मनोरुग्ण आहे, शिवाशिव मानणाऱ्याच्या डोक्यावर इलाज केला पाहिजे, असे वक्ता म्हणतो आणि टाळ्या पडतात. दुसरे वाक्य कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळचे. अमक्याचा पोरगा दिवसातून पन्नास वेळा हात धुतो, बौद्धाच्या घरात हे भटजीचे सोवळे कुठून शिरले कोण जाणे! त्यावर हशा पिकतो.

आमच्या मते ही दोन्ही वाक्ये चळवळीला शोभणारी नाहीत. पहिल्या वाक्याने आपण गुन्हेगाराला रोगी ठरवतो आणि दुसऱ्या वाक्याने रोग्याला गुन्हेगार. दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. सवय, कर्मकांड आणि आजार या तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरल्या आहेत.

त्यात आता मोबाईलची भर पडली आहे. टेबलावरची पुस्तके सरळ रेषेत ठेवणारी मुलगी हसत हसत सांगते, मला ना ओसीडी आहे. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. ज्याला तो खरोखर आहे तो हे हसत सांगत नाही. बहुतेक वेळा तो कुणालाच सांगत नाही.

सवय कशाला म्हणायचे? गटारात उतरून काम करणारा आमचा सफाई कामगार बांधव घरी आल्यावर दहा मिनिटे साबणाने अंग चोळतो, उंबऱ्याबाहेरच कपडे काढतो. त्याला कारण आहे. कारण संपले की धुणेही संपते, आणि तो ताटावर बसतो. कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहणे, निजण्यापूर्वी गॅसचे बटण पाहणे, परीक्षेला जाताना ठरलेलेच पेन नेणे, या सगळ्या सवयीच. एखाद्या दिवशी राहून गेले तर थोडी रुखरुख लागते, पण दिवस अडत नाही.

कर्मकांडाचे तसे नाही. त्याचा अर्थ एकट्याने ठरवलेला नसतो, समूहाने ठरवलेला असतो. त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. आपणही विहारात शुभ्र वस्त्रे घालून जातो, मेणबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील म्हणतो. ते म्हणून झाले की झाले. आपल्या वंदनेने कुणाचे माणूसपण नाकारले जात नाही, हा आपल्या आणि सोवळ्याच्या विधीतला फरक आहे आणि तो मोठा आहे. पण विधी मनापासून मानणारा, मग तो कोणताही असो, विधी झाल्यावर शांत होतो, हे आधी लक्षात घ्या.

ओसीडीचा रुग्ण शांत होत नाही. त्याच्या मनात नको असलेला एक विचार घुसतो. हाताला काहीतरी लागले आहे. दार उघडे राहिले आहे. माझ्या हातून लेकराला इजा होईल. या विचाराने छातीत धडधडते. ती धडधड थांबवण्यासाठी तो हात धुतो, दार तपासतो, आकडे मोजतो, मनातल्या मनात काही शब्द म्हणतो. क्षणभर बरे वाटते, आणि हाच सापळा आहे. धुतल्याने बरे वाटले म्हणून मेंदू शिकतो की धोका खराच होता. पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो आणि धुणे अधिक लांबते. अशा विचारांत आणि कृतींत रोजचा तासाभराहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यापायी शिक्षण, नोकरी, संसार मोडत असेल, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आणि मुख्य गोष्ट अशी की, बहुतेक रुग्णांना आपण करतो ते निरर्थक आहे हे पक्के ठाऊक असते. ठाऊक असूनही थांबता येत नाही, हेच त्याचे दुःख.

मराठीत यासाठी जुना शब्द आहे, मंत्रचळ. चळ म्हणजे वेड. सतत हात-पाय धूत बसणाऱ्या, सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या माणसाला 'मंत्रचळ लागलाय' असे आजही म्हटले जाते. या शब्दाकडे नीट पाहा. ज्या समाजाने सोवळे हा धर्म मानला, त्याच समाजाने सोवळे पाळणाऱ्या सगळ्यांना मंत्रचळे म्हटले नाही. ठरलेले सोवळे पाळणारा तो शिष्ट, आणि ज्याचे सोवळे कधी संपतच नाही तो मंत्रचळा. म्हणजे धर्म आणि आजार यांतला भेद त्या समाजालाही बरोबर कळत होता.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी १०८ घागरी, पंचगव्य आणि मंत्रोच्चार यांच्या साह्याने तळे 'शुद्ध' करून घेतले. शेण आणि गोमूत्र ओतल्याने पाणी पिण्याजोगे होते, हे कोणत्याही शहाण्या माणसाला हास्यास्पदच वाटेल. पण ते करणाऱ्यांपैकी कुणाला त्या रात्री झोप लागली नाही काय? शुद्धी पुरती झाली की नाही, एखादी घागर मोजायची राहिली तर नाही ना, या शंकेने कुणी उठून पुन्हा तळ्यावर गेला काय? विधी उरकला, तळे शुद्ध झाल्याचे जाहीर झाले, मंडळी घरी गेली. इतकेच नव्हे, तर आपली वहिवाट राखण्यासाठी ती मंडळी पद्धतशीर दिवाणी दाव्यात उतरली. तो दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही. वकील नेमणारी, साक्षी-पुरावे जमवणारी, अपिलात जाणारी ही माणसे मनोरुग्ण होती असे कोण म्हणेल? त्यांचे डोके ठिकाणावर होते. त्यांना काय राखायचे आहे ते त्यांना नेमके माहीत होते.

बाबासाहेबांनीही 'जातिप्रथेचे विच्छेदन' या १९३६ च्या ग्रंथात जात ही विटा-मातीची भिंत नसून मनाची अवस्था आहे असे मांडले, हे खरे. आपले वक्ते तिथेच थांबतात. पण त्याच विवेचनात बाबासाहेब पुढे सांगतात की, लोक जात पाळतात ते डोके फिरले म्हणून नव्हे, तर ते धर्मनिष्ठ आहेत म्हणून. दोष त्यांना ही शिकवण देणाऱ्या धर्माचा आणि शास्त्रांच्या प्रामाण्याचा आहे. म्हणजे बाबासाहेबांनी रोगनिदान केले नाही, जबाबदारी निश्चित केली.

वकील म्हणून आम्हाला यात आणखी एक धोका दिसतो. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ झाले आहे. मनाच्या विकलतेमुळे ज्याला आपण काय करतो हे किंवा ते चुकीचे वा बेकायदेशीर आहे हे कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही, असे ते कलम सांगते. उद्या अॅट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपीचा वकील उठून म्हणाला की जातीयवाद हा मानसिक आजार आहे, तुमच्याच व्यासपीठावरून तसे सांगितले जाते, तर? न्यायालय ते मान्य करणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण असला युक्तिवाद आपणच त्याच्या हातात का द्यावा? घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण हा अपराध ठरवला. अपराधाला शिक्षा असते. औषधाची चिठ्ठी नसते.

आता त्या हात धुणाऱ्या पोराकडे येऊ. हा आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास डोके वर काढतो. म्हणजे दहावी-बारावी, स्पर्धा परीक्षा, पहिली नोकरी यांच्या ऐन तोंडावर. श्रीमंताघरी नळाला चोवीस तास पाणी असते, स्वतंत्र बाथरूम असते, तिथे हा आजार वर्षानुवर्षे दाराआड लपून राहतो. वस्तीत सार्वजनिक नळावर रांग असते, टँकरचे तीन-चार हंडे घरात असतात. तिथे एकाने अर्धा हंडा हातावर ओतला की घरात मारामारी होते आणि गल्लीभर बोभाटा होतो. अभ्यासिकेत बसलेला मुलगा एकच पान वीसदा वाचतो, कारण ओळ सुटली असे त्याला वाटत राहते. उत्तरपत्रिकेवरचे गोल बरोबर रंगवले की नाही हे तपासण्यात त्याची वेळ संपते. निकाल आला की पोरगा आळशी निघाला, बापाचे पैसे बुडवले, असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

सर्वांत अवघड प्रकार मात्र डोळ्यांना दिसतच नाही. या आजाराची युक्ती अशी की, माणसाला जे सर्वांत प्रिय आणि पूज्य, नेमके त्याच जागी तो बोट ठेवतो. देव मानणाऱ्याला देवाविषयी घाणेरडे विचार येतात. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला बाळाविषयी भयंकर विचार येतात. मग आपल्या घरातल्या मुलाला कुणाविषयी येतील? तथागतांच्या मूर्तीकडे पाहताना, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडताना त्याच्या मनात अपशब्द उमटतो. तो हादरतो. पंचशील पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. एखादा उच्चार चुकला असे वाटून पुन्हा म्हणतो. शेवटी तो विहारात यायचेच बंद करतो. आमच्याकडे एक तरुण दोन वर्षे कायद्याचा सल्ला घेण्याच्या निमित्ताने येत होता. मनात महापुरुषांचा अपमान झाला तर गुन्हा दाखल होतो का, हा त्याचा प्रश्न होता. नाही, मनातल्या विचाराला कोणतेही कलम लागत नाही, असे सांगितले की तो जायचा, आणि आठवड्याने तोच प्रश्न घेऊन पुन्हा यायचा. त्याला वकील नको होता, डॉक्टर हवा होता. अशा मुलाने कार्यकर्त्यासमोर तोंड उघडले तर आपण काय करू? गद्दार म्हणू, की मनुवाद्यांच्या नादी लागलास म्हणू?

असे विचार येणे हा काही चारित्र्याचा पुरावा नव्हे. रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या लंडनच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवून दिले की, असले विचित्र, नकोसे विचार बहुतांश निरोगी माणसांनाही येतात. निरोगी माणूस ते सोडून देतो, रुग्ण त्यांना धरून बसतो. यातले डी सिल्वा मूळचे श्रीलंकेचे. पुढे त्यांनी मज्झिम निकायातल्या वितक्कसण्ठान सुत्ताचा अभ्यास करून, नकोशा विचारांशी कसे वागावे याचे तथागतांनी सांगितलेले मार्ग आणि आजची वर्तनोपचार पद्धती यांत साम्य असल्याचे मांडले. त्यातला एक मार्ग म्हणजे त्या विचाराकडे लक्षच न देणे. आपल्या धम्मवर्गांत या सुत्तावर एखादा तास व्हावा असे आम्हाला वाटते. मात्र 'विपश्यना कर, सगळे जाईल' असा सल्ला देऊन कुणाची औषधे बंद करू नका. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती उगाच नव्हे.

इथे पुण्णिका थेरीची आठवण होते. दासीच्या पोटी जन्मलेली, पाणी वाहणारी ही स्त्री. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्यानेच शुद्धी होत असेल तर पाण्यात राहणाऱ्या जलचरांचे काय? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. थेरीगाथेतला हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. आपली सगळी प्रबोधनाची रीत याच वाटेने जाते. प्रश्न विचारायचा, तर्क लावायचा, श्रद्धेचा पाया हलवायचा. पण हात धुणाऱ्या पोराला हा तर्क सांगून पाहा. तो म्हणेल, मला मान्य आहे. त्याला आधीपासूनच मान्य असते. नदीतल्या ब्राह्मणाची समजूत चुकीची होती, म्हणून ती बदलल्यावर त्याचे स्नान सुटले. या मुलाची समजूत बरोबर आहे, तरी हात नळाखालीच जातो. उलट, हात स्वच्छ आहेत रे बाबा, असे घरच्यांनी दिवसातून तीसदा सांगणे हाही त्या आजाराच्या चक्राचाच भाग होतो. प्रबोधनाने हा आजार बरा होत नाही. हे मान्य करायला कार्यकर्त्याला जड जाते.

बरा कशाने होतो? उपचार दोन आहेत आणि दोन्ही जुने, पारखलेले आहेत. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये एक पद्धत मांडली. रुग्णाला भीती वाटते ती वस्तू त्याच्या संमतीने, सोप्यापासून अवघडाकडे जात, हाताळायला लावायची आणि त्यानंतर धुवायचे नाही. धडधड वाढते, काही वेळ टिकते आणि न धुताच ओसरते. हे अनेकदा केले की मेंदू नवे शिकतो. दुसरा उपचार औषधांचा. फ्लुओक्झेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्झामिन ही त्यांतली नावे. नैराश्यापेक्षा या आजारात त्यांची मात्रा बहुधा जास्त लागते आणि पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आपले लोक पंधरा दिवस गोळ्या घेतात, फरक नाही म्हणून सोडतात आणि भगताकडे जातात. भगत पुन्हा एखादा विधीच सांगतो. म्हणजे आगीत तेल.

कायद्याकडे वळू, कारण इथे आपल्या लोकांचे सर्वाधिक नुकसान अज्ञानामुळे होते. बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. त्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. सतत धुणे-पुसणे करणाऱ्या सुनेला माहेरी पाठवून नवऱ्याने 'बायको वेडी आहे' असा अर्ज टाकल्याची प्रकरणे आम्ही लढवली आहेत. अर्जासोबत डॉक्टरची एक चिठ्ठी जोडली की काम झाले, असे सासरच्यांना वाटते. तसे नाही. आजाराचे नाव दाखवून भागत नाही, त्या आजाराचे स्वरूप आणि तीव्रता इतकी असली पाहिजे की जोडीदाराने सोबत राहावे अशी अपेक्षाच करता येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ पासून. त्याचे कलम ३ सांगते की, मानसिक आजार ठरल्याने माणूस आपोआप अजाण किंवा अक्षम ठरत नाही. तसे घोषित करण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. त्याच कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे, न्यायालयात एका पक्षाने मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि दुसऱ्याने त्याला आव्हान दिले, तर तो पुरावा छाननीसाठी मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावा लागतो. सुनेच्या वकिलाने हे कलम पहिल्याच तारखेला पुढे करावे.

कलम ३ मध्ये आणखी एक तरतूद आहे. एखाद्याचे वागणे त्याच्या समाजातल्या प्रचलित नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. धर्मांतर केले, आंतरजातीय लग्न केले म्हणून मुलीला मनोरुग्णालयाची भीती घालणाऱ्यांना हे कलम दाखवावे. पण हे कलम दोन्ही बाजूंनी चालते. आपल्याला पटत नाही असा विधी कुणी करतो, एवढ्यावरून आपणही त्याला वेडा म्हणू शकत नाही.

नोकरदारांसाठी १७ डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला ओसीडी आणि नैराश्य होते. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती रद्द केली. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाला अशा कारवाईला सामोरे जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याला दुसरे काम द्यावे, वेतन कमी करू नये, असा या निकालाचा रोख आहे. आरक्षणाच्या लढाईत अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे काय, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. समान नियम लावूनही माणूस कसा बाहेर फेकला जातो, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास मानसिक आजार असलेली व्यक्तीही सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी पात्र ठरते. त्यातला एक टक्का मानसिक आजारासह इतर काही गटांत मिळून आहे. जातीचा दाखला काढायला धावपळ करणाऱ्या आपल्या पालकांना हा दुसरा दाखलाही निघू शकतो, हे माहीत नसते. काहींना माहीत असते, पण पोराच्या लग्नाचे कसे होईल म्हणून ते काढत नाहीत.

राहिला प्रश्न उपचार मिळण्याचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत असे आढळले. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पण ओसीडीच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हायची गरज नसते. त्यांना गरज असते ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित औषधांची, आणि मेयर यांच्या पद्धतीचे उपचार आठवड्यातून एकदा देणाऱ्या प्रशिक्षित माणसाची. २०१७ च्या कायद्याचे कलम १८ हा प्रत्येकाचा हक्क मानते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत आहेत. कायद्याने ठरवलेल्या किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसायचा आहे. कलम २७ प्रमाणे, या कायद्याखालचे हक्क बजावण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

कलम १८ मधील खर्चाची ही तरतूद वापरून अर्ज केलेला एकही माणूस आमच्या पाहण्यात नाही. आपल्या मंडळांनी या ऑक्टोबरमध्ये व्याख्यानासोबत हे एक काम करावे. आपल्या जिल्हा रुग्णालयात ओसीडीचा वर्तनोपचार देणारा माणूस आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. उत्तर 'नाही' असे आले तर कलम १८ खाली करायच्या अर्जाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.